दहा वर्षांचे खनिज
(मा कुबे या मसलतगाराच्या अभ्यासाची प्रस्तावना)

महाकाय रोबोंच्या जपानी मालिकांत खलनायकाच्या दरबारी एक माणूस हटकून सापडतो. सिंहासन त्याचे नसते. तो सिंहासनाच्या उजव्या हाताला उभा असतो. मोहिमेवर कोणाला धाडायचे, कोणत्या शहरावर कधी तुटून पडायचे, नायकाला एकटा कसा गाठायचा, हे सगळे तो सुचवतो. मोहीम फसली की दोष सेनापतीच्या माथी जातो आणि हा पुढच्या आठवड्याची मसलत मांडायला मोकळा. असे मसलतगार या मालिकांनी डझनावारी दिले आणि त्यांतले बहुतेक विस्मरणात गेले. मा कुबे मात्र टिकला. हे पुस्तक त्याच्याविषयी आहे.

त्रेचाळीस भागांच्या मालिकेत मोजक्याच भागांत वावरणाऱ्या एका कर्नलवर अख्खे पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे : रोबोंच्या कथेत युद्धाची रसद, दरबारातली चढाओढ आणि युद्ध संपल्यानंतरच्या सत्तावाटपाचा हिशेब या तीन गोष्टी एका माणसाच्या रूपाने आणल्या त्या याच पात्राने. त्याच्या दुष्टपणात आरडाओरडा नाही. त्याचा दुष्टपणा खातेवहीतला आहे, आणि म्हणून तो आजही ओळखीचा वाटतो.

‘किदो सेन्शी गंडाम’ ही मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी नागोयाच्या दूरचित्रवाणी केंद्रावरून सुरू झाली. दिग्दर्शन योशियुकी तोमिनो यांचे. पात्रे रेखाटली योशिकाझु यासुहिको यांनी, यंत्रे आखली कुनिओ ओकावारा यांनी. निर्मिती निप्पॉन सनराइजची होती आणि पैसा मुख्यतः क्लोव्हर या खेळणी कंपनीचा. प्रेक्षकसंख्या बेताची राहिली. ५२ भागांचा बेत ४३ भागांवर आटोपता घ्यावा लागला आणि २६ जानेवारी १९८० रोजी पडदा पडला. पुढे पुनःप्रक्षेपणांतून तिला प्रेक्षक मिळत गेले, जुलै १९८० पासून बंदाईची प्लॅस्टिकची जोडणी-मॉडेल्स दुकानांत आली, १९८१ आणि १९८२ मध्ये तीन चित्रपट निघाले, आणि बंद पडलेल्या मालिकेचे एक घराणेच उभे राहिले. मा कुबे जन्मला तो मात्र त्या पहिल्या, तोट्यातल्या वर्षात.

त्याचे वेगळेपण कळायचे तर त्याच्या आधीचा दरबार पाहिला पाहिजे. मित्सुतेरू योकोयामा यांची ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा १९५६ मध्ये सुरू झाली. तिच्यातला लोखंडी महाकाय दूरनियंत्रणाने चालायचा, आणि नियंत्रक ज्याच्या हाती त्याचा तो गुलाम. म्हणजे चोराने पेटी पळवली की रोबो चोराचा. १९७२ मध्ये गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ने नायकाला रोबोच्या डोक्यात बसवले आणि समोर डॉक्टर हेल नावाचा वेडा शास्त्रज्ञ उभा केला. त्याच्या हाताखाली अर्धा पुरुष आणि अर्धी स्त्री असा बॅरन आशुरा आणि स्वतःचे मुंडके हातात घेऊन फिरणारा काउंट ब्रोकेन. दर आठवड्याला एक यांत्रिक राक्षस यायचा आणि दर आठवड्याला फुटायचा. यामागे नाट्यशास्त्र कमी आणि दुकानदारी जास्त होती. नायकाचे खेळणे विकायचे तर त्याने दर भागात जिंकले पाहिजे, आणि जिंकायला रोज नवा शत्रू हवा. अशा कथेत मसलतगाराच्या मसलतीला अर्थ उरत नाही. त्याची योजना फसणार हे प्रायोजकाने आधीच ठरवलेले असते.

तादाओ नागाहामा यांच्या मालिकांनी या चौकटीला भावना दिल्या. १९७७ च्या ‘व्होल्टेस फाइव्ह’मधला राजपुत्र हाइनेल नायकांचा शत्रू असूनही शोकांतिकेचा नायक वाटतो. त्याच वर्षी तोमिनोंनी ‘झाम्बोट ३’मध्ये शत्रूला साध्या माणसांच्या शरीरात बॉम्ब पेरायला लावले आणि मुलांच्या करमणुकीला एकदम बोचरी धार आली. दोन वर्षांनी ‘गंडाम’मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले : परग्रहावरचे राक्षस काढून टाकले आणि दोन्ही बाजूंना माणसेच उभी केली.

एका बाजूला पृथ्वीचे संघराज्य. दुसऱ्या बाजूला अंतराळातल्या वसाहतींनी स्थापलेले झिऑन हे राज्य. युद्धाच्या पहिल्याच टप्प्यात निम्मी मानवजात मेली आहे, आणि त्यानंतर अण्वस्त्रांसारखी संहारक शस्त्रे न वापरण्याचा करार अंटार्क्टिकात झाला आहे. इथले रोबो म्हणजे मोबाईल सूट हे दैवी कवच नव्हे, कारखान्यात शेकड्यांनी निघणारे हत्यार. झिऑनचा हिरवा झाकू हा शिपाई आहे, राक्षस नाही. त्याला सुटे भाग लागतात, इंधन लागते, वाहून न्यायला विमान लागते. मिनोव्हस्की नावाच्या कणांमुळे रडार निकामी होते, त्यामुळे दूरवरून क्षेपणास्त्रे डागण्याचे दिवस संपून यंत्रे पुन्हा समोरासमोर झुंजू लागतात. आकाशातून दिसेनासे झाल्यावर हेर, फितूर आणि अफवा यांचे मोल वाढते. यंत्राला पोटाची काळजी आणि सेनापतीला कानांची गरज, या दोन गोष्टींनी मिळून मा कुबेसाठी जागा तयार केली.

झिऑनवर झाबी घराण्याची सत्ता. म्हातारा देगिन नावापुरता राजा. थोरला गिरेन हुकूमशहा. धाकट्यांपैकी डोझुल रांगडा, शिपायांवर जीव लावणारा. गार्मा लाडका आणि लवकर मेलेला. आणि बहीण किशिरिया, थंड डोक्याची. भावंडांत सख्य नाही. प्रत्येकाचे स्वतःचे सैन्य, स्वतःची माणसे. मा कुबे हा किशिरियाचा माणूस. तिने त्याला काळ्या समुद्राकाठच्या ओडेसाजवळच्या खाणींवर नेमले आहे. झिऑनकडे लोखंडही नाही आणि दुर्मीळ धातूही नाहीत. अंतराळात वसाहती बांधता येतात, खाणी बांधता येत नाहीत. पृथ्वीवर उतरण्यामागचा त्यांचा मोठा हेतू हाच. म्हणून इतर सेनापती पृथ्वीवर लढाया जिंकायला आलेले असताना हा एकटा माल उचलायला आलेला आहे.

अठराव्या भागात या माणसाचा स्वभाव पहिल्यांदा उघडा पडतो. किशिरिया स्वतः पाहणीला आलेली असताना संघराज्याचा गंडाम हा मोबाईल सूट एका खाणतळावर चालून येतो. मा कुबे तिच्यासह अझाम या अवाढव्य यंत्रात बसून त्याला रोखू पाहतो. ते जमेना, तेव्हा खाणीचे गुपित शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तो तळच उडवून देतो. दुसऱ्या कुठल्या मालिकेत हे पराभवाचे लक्षण ठरले असते. इथे ते हिशेबाचे लक्षण आहे, कारण उडवलेला तळ अनेकांपैकी एक होता.

या पुस्तकाचा कणा मात्र राम्बा रालचे प्रकरण हा आहे. राल हा डोझुलच्या गोटातला कप्तान, पन्नास लढाया पाहिलेला वाटावा असा मुरब्बी, शत्रूच्या पोरसवदा चालकाशीही उपाहारगृहात मोकळेपणाने बोलणारा. गार्माच्या मृत्यूचा सूड घ्यायला डोझुलने त्याला पाठवले आहे. गंडामशी लढताना त्याचे यंत्र निकामी होते, आणि डोझुलने त्याच्यासाठी तीन डोम हे नवे मोबाईल सूट देऊ केलेले असतात. ते यायचे मा कुबेच्या हातून. मा कुबे ते अडवतो आणि यंत्रे वाटेतच नष्ट झाल्याचा खोटा निरोप पाठवतो. आपला हस्तक उरागान याला तो कारणही सांगतो : युद्ध आता संपत आले आहे, आणि पुढचा विचार करता रालसारखे शिपाई गैरसोयीचे.

यात गोळी झाडली जात नाही. एक कागद पुढे सरकत नाही, एवढेच घडते. राल यंत्रांशिवाय, आपल्या मूठभर माणसांनिशी, व्हाइट बेस या शत्रूच्या जहाजात शिरून हातघाईची लढाई देतो आणि विसाव्या भागात हातबॉम्ब घेऊन मरणाला कवटाळतो. पुढच्याच भागात त्याची सहचरी हामोन उरलेल्यांना घेऊन सूडाला निघते आणि मारली जाते; तिला थोपवताना व्हाइट बेसवरचा ऱ्यू होसेही जिवाला मुकतो. अडवलेल्या तीन यंत्रांची ही किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. त्या दोन भागांत पाहणाऱ्याचे डोळे राल आणि हामोनवर खिळलेले असतात. त्यांना मारणारा माणूस त्या वेळी आपल्या कार्यालयात बसलेला आहे, हे दुसऱ्यांदा पाहताना जाणवते.

आणि डोम खरेच नव्हते का? चोविसाव्या भागात ते येतात. किशिरियाच्या पदरचे ‘काळे त्रिकूट’ म्हणून गाजलेले तीन योद्धे त्याच प्रकारच्या डोममध्ये बसून गंडामवर चाल करतात. म्हणजे यंत्रे होती, वाहतूक होती, इच्छा असती तर रालला मिळाली असती. आपल्या गटाला रसद आणि दुसऱ्या गटाला निरोप, हा मा कुबेचा न्याय.

याच भागात तोमिनोंनी त्याच्यासमोर एक आरसा धरला आहे, आणि त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. संघराज्याच्या रसद तुकडीतली लेफ्टनंट माटिल्डा आजान व्हाइट बेसला सुटे भाग, दारूगोळा आणि धीर पोहोचवत आलेली असते. नायक अमुरो रे तिच्यावर भाळलेला. काळे त्रिकूट चालून येते तेव्हा माटिल्डा आपले वाहतूक विमान डोमच्या वाटेत घालते आणि मरते. दोघेही रसदेचे अधिकारी. एकीला पुरवठा म्हणजे पुढे लढणाऱ्याचा जीव वाचवणे वाटते. दुसऱ्याला पुरवठा म्हणजे पुढे लढणाऱ्यावरचा लगाम. युद्धात कोण जिंकेल हे रणांगणावर ठरते असे रोबोच्या मालिका सांगत आल्या. गंडामने सांगितले की ते बरेचसे मागच्या गोदामात ठरते, आणि गोदामावर कोण बसले आहे त्यावर ठरते.

पंचविसाव्या भागात ओडेसाची लढाई होते. जनरल रेव्हिल संघराज्याची प्रचंड फौज घेऊन खाणींवर चालून आला आहे. मा कुबेची तयारी भक्कम आहे. शत्रूचा जनरल एल्रान त्याने आधीच फितवला आहे. ऐन लढाईत एल्रानची तुकडी हात आखडता घेणार असे ठरले आहे. अमुरोच्या हाती एल्रानचा निरोप्या लागतो आणि डाव उघडा पडतो. तेव्हा मा कुबे कराराला लाथाडतो. माघार घ्या, नाहीतर हायड्रोजन बॉम्ब डागतो, असा निरोप तो रेव्हिलला पाठवतो. रेव्हिल बधत नाही; फौज पुढेच सरकवतो. मा कुबे खरोखर बॉम्ब डागतो. अमुरोचा गंडाम उडत्या क्षेपणास्त्राचे टोक तलवारीने छाटतो आणि लाखो माणसे वाचतात.

इथे मसलतगाराच्या बुद्धीची मर्यादा दिसते. एल्रान विकाऊ आहे हे त्याने अचूक ओळखले. रेव्हिल धमकीने वाकेल हे चुकीचे धरले. लोभ त्याला नेमका मोजता येतो. निष्ठा, राग आणि निर्धार मोजता येत नाहीत, कारण त्या गोष्टी त्याच्या तागडीत बसत नाहीत. आणि तरी पळताना तो खचलेला नसतो. आजवर अंतराळात पाठवलेल्या खनिजाचा हिशेब मांडून तो म्हणतो की झिऑन आणखी दहा वर्षे लढू शकेल. खाणी गेल्या, फौज गेली, करार मोडला, आणि या माणसाला आपले काम पार पडल्यासारखे वाटते. त्याच्या दृष्टीने ते पार पडलेही होते.

त्याच्या फुलदाणीकडे आता यायला हवे, कारण जपानमध्ये त्याचे नाव घेतले की आधी फुलदाणीच आठवते. मा कुबेला जुन्या चिनी पोर्सेलिनचा नाद. टेबलावर एक पांढरी फुलदाणी असते, उत्तर सोंग काळातली, म्हणजे दहाव्या ते बाराव्या शतकातली. तो तिच्यावर बोटाने टिचकी मारतो आणि नाद ऐकतो. खलनायक कलारसिक असणे ही विसाव्या शतकाची ओळखीची खूण आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपभरची चित्रे लुटून आपल्या कारिनहालमध्ये लावणारा हेर्मान ग्योरिंग अनेकांना आठवेल, आणि झिऑनच्या गणवेशावर जर्मन छाप आहेच.

जपानी प्रेक्षकाला मात्र आणखी जवळची आठवण होते. सोळाव्या शतकात तिथल्या सरदारांसाठी चहाची भांडी ही दौलत होती. चीनहून आलेली एखादी बरणी एखाद्या प्रांताच्या तोलाची मानली जाई. मात्सुनागा हिसाहिदे या कारस्थानी सरदाराने १५६८ मध्ये ओदा नोबुनागाला त्सुकुमो नासु ही चहाची बरणी भेट देऊन आपली मान वाचवली. पुढे त्याने बंड केले. नोबुनागाने १५७७ मध्ये त्याला शिगिसानच्या किल्ल्यात कोंडले तेव्हा त्याच्याजवळची हिरागुमो ही किटली नोबुनागाला हवी होती, असे सांगतात. हिसाहिदेने ती फोडली आणि स्वतः मेला, अशी आख्यायिका आहे. मा कुबेचे पात्र रंगवणाऱ्यांच्या मनात हिसाहिदे होता असा माझा दावा नाही. तरी भांडे आणि धनी यांच्यात अडकलेल्या मसलतगाराचा हा साचा जपानी माणसाच्या अंगात मुरलेला आहे, एवढे नक्की. हिसाहिदेने भांडे धन्याला मिळू दिले नाही. मा कुबेची शेवटची धडपड ते धनिणीला मिळावे यासाठी होती. या फरकातून त्याची निष्ठा कळते. ती झिऑनशी नाही, झाबी घराण्याशीही नाही; फक्त किशिरियाशी आहे.

सदतिसाव्या भागात टेक्सास नावाच्या उजाड वसाहतीत तो मरतो. तोवर डोझुल सॉलोमनच्या किल्ल्यावर पडलेला आहे, आणि तिथे किशिरियाने धाडलेली मा कुबेची कुमक उशिरा पोहोचलेली आहे. आता त्याला झिऑनचाच लढवय्या शार अझ्नाबल खुपतो. शारचे वजन किशिरियापाशी वाढते आहे. त्याला डोक्यावर बसू द्यायचे नसेल तर गंडाम आपणच पाडला पाहिजे, असे तो ठरवतो. म्हणजे ज्या गणिताने त्याने रालचे डोम अडवले, तेच गणित आता त्याला स्वतःला मैदानात उतरवते. तो ग्यान नावाच्या मोबाईल सूटमध्ये बसतो : मध्ययुगीन सरदारासारखे शिरस्त्राण, हाती किरणांची तलवार, आणि ढालीतून सुटणारी क्षेपणास्त्रे आणि तरंगते सुरुंग. अमुरोला तो सापळ्यांमागून सापळ्यांत ओढतो. सापळे संपतात. शार त्याला मागे फिरायला सांगतो. तो ऐकत नाही. तलवारीला तलवार भिडते तेव्हा तो समोरच्या पोराच्या पासंगालाही पुरत नाही. मरताना तो उरागानला बजावतो की ती फुलदाणी किशिरियाबाईंना पोहोचती कर, चीज उत्तम आहे. हे वाक्य जपानी चाहत्यांत म्हणीसारखे झाले आहे. लोक ते हसत म्हणतात. मालिकेत तो प्रसंग हसण्याजोगा मुळीच नाही.

मराठी वाचकाला इथे पेशवाईतले साडेतीन शहाणे आठवतील. नाना फडणवीस अर्धे शहाणे गणले गेले ते लेखणी होती पण तलवार नव्हती म्हणून, असे परंपरा सांगते. नानांनी ती उणीव भरून काढायचा हट्ट धरला नाही आणि फौजेसाठी इतरांना जवळ केले. मा कुबेने नेमका तो हट्ट धरला. मसलतगार मसलतीच्या जागेवरून उठला आणि नायकाच्या आखाड्यात, नायकाच्या हत्याराने लढायला गेला. जोवर तो रसद, फितुरी आणि निरोप यांनी लढत होता तोवर गंडामच्या सगळ्या बळाचा त्याच्यापुढे उपयोग नव्हता. आखाड्यात उतरताक्षणी तो दर आठवड्याला फुटणाऱ्या यांत्रिक राक्षसांपैकी एक झाला. रोबोच्या मालिकेने आपला जुना नियम त्याच्यावर लादला म्हणा, किंवा तोमिनोंनी त्या नियमाचाच वापर करून त्याला शिक्षा दिली म्हणा.

या पात्राचे निम्मे श्रेय यासुहिकोंच्या रेषेला आहे : बसलेले गाल, अर्धवट मिटलेले डोळे, फिकट जांभळे केस. उरलेले निम्मे कानेतो शिओझावा यांच्या आवाजाला. तेव्हा ते पंचविशीत होते. आवाज चढवायचा नाही, शब्द तोडायचा नाही, धमकीसुद्धा विनंतीच्या सुरात द्यायची, ही त्यांची रीत पुढे कितीतरी थंड खलनायकांना लाभली. आपल्याकडच्या घराघरांत शिनचॅन पाहिला जातो. त्याच्या मूळ जपानी मालिकेतल्या बुरीबुरीझाएमोन या फुशारकीखोर डुकराला याच शिओझावांचा आवाज होता. २००० साली त्यांचे अकाली निधन झाले.

मा कुबेचे पुढचे आयुष्यही पाहण्यासारखे आहे. तीन चित्रपटांत मालिका आटवताना टेक्सासचे द्वंद्व आणि ग्यान हे दोन्ही गळले. त्यामुळे फक्त चित्रपट पाहिलेल्यांना तो ओडेसातला एक कपटी अधिकारी म्हणून ठाऊक असतो. २००१ ते २०११ या दशकात यासुहिकोंनी हीच कथा ‘द ओरिजिन’ या चित्रकथेत पुन्हा सांगितली, तेव्हा त्यांनी ग्यानची झुंज ओडेसात आणली आणि मा कुबेला मूळ मालिकेने नाकारलेला भारदस्तपणा दिला. ज्याने त्याचा चेहरा काढला त्यालाच त्याच्यावर थोडा अन्याय झाला असे वाटले असावे.

त्याचे वारसही मोठे आहेत. १९८५ च्या ‘झेटा गंडाम’मधला पाप्तिमुस शिरोको हा मसलतगारच, पण तो आपल्या धन्याला मारून त्याची जागा घेतो आणि यंत्रही उत्तम चालवतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘कोड गियास’मधला राजपुत्र श्नायझेल हसतमुखाने शहरे पुसण्याची योजना मांडतो. या दोघांत मा कुबेचा थंडपणा आहे आणि त्याच्यात नसलेली ऐट आहे. फुलदाणी मात्र त्यांच्यापैकी कोणाकडे नाही. जिवापाड जपावे असे काही त्यांना सुचत नाही. मला वाटते म्हणूनच ते भीतीदायक असूनही त्याच्यासारखे आठवणीत रुतत नाहीत.

एक आक्षेप इथेच विचारात घेतला पाहिजे. काही चाहते म्हणतात की मा कुबे खलनायक नव्हताच. सोपवलेले काम त्याने चोख केले, आपल्या धनिणीशी तो इमानी राहिला, आणि शेवटी स्वतः लढून मेला. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. पण त्याने राल अडवला तो शत्रूसाठी नव्हे, स्वतःच्या देशाच्या सैन्यातल्या प्रतिस्पर्धी गटाला रोखण्यासाठी. युद्ध जिंकण्याआधीच युद्धानंतरच्या वाटणीचा विचार करणारा माणूस आपल्याच बाजूचा खून करतो, आणि तरी त्याच्या हाताला रक्त लागत नाही. या जातीच्या दुष्टपणाला निराळे नाव नाही म्हणून तो क्षम्य ठरत नाही.

शिवाय हा रोग एकट्या त्याचा नव्हता. ए बाओआ कूच्या अखेरच्या लढाईत, तोफा धडधडत असताना, किशिरिया आपल्या भावाला, गिरेनला, भर नियंत्रणकक्षात गोळी घालते. त्याने बापाचा बळी दिलेला असतो, तिचा राग खरा आहे. तरी तिच्याही मनात उद्याच्या गादीचा हिशेब आहे. त्या गोळीने झिऑनच्या फौजेची घडी मोडते. पुढे शार तिलाच संपवतो. खालच्या पातळीवर एका कर्नलने तीन यंत्रांच्या बाबतीत जे केले, तेच वरच्या पातळीवर राजकन्येने राज्याच्या बाबतीत केले. मा कुबे झाबी दरबारापेक्षा वेगळा नव्हता. त्या दरबाराची रीत त्याच्यात सर्वांत स्वच्छ दिसते, एवढेच.

पुढील प्रकरणांची रचना याच क्रमाने आहे : आधी खाणी, मग राल, मग ओडेसा, मग फुलदाणी आणि शेवटी टेक्सास. वाचकाने जमल्यास मालिकेचे अठरा ते पंचवीस हे भाग सलग पाहावेत आणि मग सदतिसावा पाहावा. चित्रपटांवर भागवू नये. पाहताना लढायांपेक्षा कोणाला काय पोहोचले आणि काय पोहोचले नाही याकडे लक्ष ठेवावे. नायकाच्या तलवारीपेक्षा ती यादी या मालिकेविषयी जास्त सांगते.

शेवटी त्याच्या हिशेबाविषयी. झिऑन आणखी दहा वर्षे लढेल असे तो ओडेसा सोडताना म्हणाला. मालिकेच्या कालगणनेत ओडेसानंतर दोन महिन्यांच्या आत युद्ध संपले. दहा वर्षे पुरेल एवढे खनिज दोन महिन्यांत संपणे शक्य नव्हते, म्हणजे त्याचा आकडा बहुधा बरोबरच होता. झिऑन हरले ते धातू कमी पडला म्हणून नव्हे. धातूची यंत्रे चालवणारी मुरलेली माणसे एकामागून एक गेली म्हणून, आणि त्यांतल्या निदान एकाला मरायला सोडण्याचा निर्णय ज्या टेबलावर झाला, तिथेच खनिजाची वहीही लिहिली जात होती म्हणून. मा कुबेला मूर्ख ठरवून हे पुस्तक मिटणाऱ्या वाचकाने एकदा ती वही पुन्हा तपासावी. तीत बेरीज कुठेच चुकलेली नाही. माणसांचा रकाना मात्र आखलेलाच नाही.